हरल्यानंतरच्या पहिल्या मीटिंगला कोण येतं ते बघा

प्रश्न असा आहे की अमेरिकेत रिपब्लिकन पार्टी प्रेसिडेंटची निवडणूक हरली की दर वेळी पेपरात येतं "कॉन्झर्व्हेटिव्ह विचार आता संपला", आणि मग दोन-चार वर्षांत तीच मंडळी परत निवडून येतात, तर हे होतं कसं, आणि पुढच्या पराभवानंतर नेमकं काय होणार?

मी व्हर्जिनियात राहते, रिचमंड शहराला लागून हेन्रिको काउंटी आहे तिथे. मूळची सांगलीची. सिटिझन झाले २००७ ला आणि २००८ पासून रिपब्लिकन पार्टीच्या काउंटी कमिटीत काम करतेय, म्हणजे आमच्या प्रिसिंक्टच्या, एका मतदान केंद्राच्या भागाच्या, मतदार याद्या सांभाळणं, दारोदार फिरणं, फोन करणं, मतदानाच्या दिवशी पहाटे पाचला उठून केंद्राबाहेर उभं राहणं. इतक्या वर्षांत जिंकले कमी आणि हरले जास्त, त्यामुळे हरल्यानंतर काय होतं हे मी अगदी जवळून बघितलंय.

थोडक्यात सांगायचं तर विचार हरल्याने मरत नाही. हरल्यावर एवढंच ठरतं की पक्षाची किल्ली आता कोणाच्या हातात जाणार. आणि ती किल्ली पराभवाचा रिपोर्ट लिहिणाऱ्यांच्या हातात जात नाही, टीव्हीवर बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांच्या तर नाहीच नाही, ती जाते त्यानंतरच्या रिकाम्या दोन वर्षांत जो येऊन मीटिंगमधल्या रिकाम्या खुर्चीवर बसतो त्याच्या हातात.

हे कळायला आधी एक फरक लक्षात घ्या. आपल्याकडे तिकीट वरून येतं, दिल्लीहून नाहीतर मुंबईहून. इथे हायकमांड नावाची गोष्टच नाही. उमेदवार कोण हे ठरतं प्रायमरीत, म्हणजे पक्षाच्या बाजूचे सामान्य मतदार आधी आपापसात मतदान करतात आणि जो जिंकेल तो उमेदवार. व्हर्जिनियात तर मतदार नोंदणीत पक्षच लिहावा लागत नाही, त्यामुळे प्रायमरीला कोणीही येऊ शकतं. आणि येतं कोण? दहातला एखादा. ज्याला राग आहे, ज्याला तळमळ आहे, तो येतो. नोव्हेंबरात जिंकायला लागतात ते बाकीचे नऊ, पण उमेदवार ठरवतो तो दहावा. पराभवानंतर पक्षाचं जे काही होतं ते सगळं या दोन आकड्यांच्या मधल्या दरीत होतं.

माझं आयुष्यातलं पहिलं मत आमच्या पक्षाचे उमेदवार जॉन मॅकेन यांना, ४ नोव्हेंबर २००८ ला. राज्यवार इलेक्टोरल मतांत, ज्यांवर प्रेसिडेंट ठरतो, ओबामा ३६५, मॅकेन १७३. व्हर्जिनिया गेलं, जे १९६४ नंतर एकदाही डेमोक्रॅट्सकडे गेलं नव्हतं. नंतरच्या जानेवारीतली कमिटीची मीटिंग मला लख्ख आठवते, लायब्ररीच्या मागच्या खोलीत, बाहेर बर्फाचा चिखल, आणि आम्ही मोजून अकरा माणसं. त्या आठवड्यात मासिकांमधून पक्षाचे मृत्युलेख छापून येत होते, डेमोग्राफी बदलली, पोरं गेली, आता चाळीस वर्षं डेमोक्रॅट्सचीच. आम्ही अकरा जण तेच वाचून आलेलो. मी एकटीच भारतीय, एकटीच चाळिशीच्या आतली.

मग मार्चमध्ये त्याच खोलीत खुर्च्या कमी पडल्या. झालं काय होतं की १९ फेब्रुवारी २००९ ला रिक सँटेली नावाचा सीएनबीसीचा वार्ताहर शिकागोच्या ट्रेडिंग फ्लोअरवरून लाइव्ह ओरडला की शेजाऱ्याच्या बुडालेल्या घरकर्जाचे हप्ते आम्ही का भरायचे, आणि त्यातून ते टी पार्टी प्रकरण, म्हणजे सरकारी खर्च आणि टॅक्सविरुद्धचं आंदोलन, पेटलं. १५ एप्रिलला, टॅक्स भरायच्या शेवटच्या दिवशी, देशभर मोर्चे. आमच्या मीटिंगला जे नवीन लोक आले ते मी आधी कधी पाहिलेलेच नव्हते, एक निवृत्त फायरमन, दोन नर्स, गवत कापायचा धंदा असलेला एक माणूस, आणि त्यांना मॅकेनबद्दल काहीच प्रेम नव्हतं, बुशबद्दल त्याहून नाही, बँकांना सरकारने वाचवलं हे त्यांच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. त्यांनी कोणाला विचारलं नाही की आम्ही येऊ का. ते आले, नाव लिहिलं, रिकामी प्रिसिंक्ट्स वाटून घेतली. नोव्हेंबर २००९ ला बॉब मॅकडॉनेल व्हर्जिनियाचे गव्हर्नर झाले, सतरा टक्क्यांनी जिंकून. चाळीस वर्षांचं राज्य म्हणत होते त्याला वर्ष झालं होतं. २०१० ला हाऊसमध्ये, म्हणजे आपल्या लोकसभेसारख्या सभागृहात, ६३ जागांची कमाई, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे राज्यांच्या विधानसभा हातात आल्या, कारण त्या वर्षीची जनगणना झाली की पुढच्या दहा वर्षांच्या मतदारसंघांच्या रेषा बहुतेक राज्यांत त्याच सभा आखणार होत्या. ज्यांना हे आधी कळलं त्यांनी शांतपणे पैसा तिथे ओतला.

आता १९६४ चं सांगते, कारण इथे प्रत्येक हरलेला माणूस स्वतःला गोल्डवॉटर समजतो आणि अर्धीच गोष्ट सांगतो. बॅरी गोल्डवॉटर, ॲरिझोनाचे सिनेटर, डेमोक्रॅट प्रेसिडेंट जॉन्सन यांच्यासमोर उभे राहिले आणि पार झोपले. ४८६ विरुद्ध ५२. मतं साडेअडतीस टक्के. हाऊसमध्ये पक्षाचे १४० लोक उरले, सिनेटमध्ये ३२. जिंकलेली राज्यं सहा, स्वतःचं ॲरिझोना आणि दक्षिणेतली पाच. दोनच वर्षांनी ४७ जागा परत आल्या, आणि रोनाल्ड रेगन, ज्यांनी गोल्डवॉटरसाठी २७ ऑक्टोबर १९६४ ला टीव्हीवर अर्ध्या तासाचं भाषण दिलं होतं, ते कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर झाले. इथपर्यंत सगळे सांगतात.

मला त्यातली आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. रिचर्ड व्हिगरी नावाचा एक तरुण होता, तिशीतला. गोल्डवॉटरना पन्नास डॉलर किंवा जास्त देणाऱ्यांची नावं कायद्याप्रमाणे हाऊसच्या क्लार्कच्या ऑफिसात जमा होती, कोणीही जाऊन बघू शकत होतं. हा तिथे गेला आणि हाताने नावं-पत्ते उतरवायला लागला, नंतर मदतीला माणसं लावली. सुमारे साडेबारा हजार नावं. पुढची पंधरा-वीस वर्षं पोस्टाने पत्रं पाठवून पैसा आणि माणसं उभी करायचा जो सगळा कारखाना झाला त्याचं मूळ ही वही. निवडणूक हरली, पण कोण कोण बरोबर होतं त्याची यादी उरली, आणि यादी उरली की सगळं उरतं. मी जेव्हा आमच्या प्रिसिंक्टच्या यादीत एखाद्याच्या नावासमोर "कुत्रा आहे, मागच्या दाराने जावे, मुलगा नेव्हीत" असं लिहून ठेवते तेव्हा मला त्या वहीची आठवण येते.

अर्धी न सांगितलेली गोष्टही सांगितली पाहिजे. ती दक्षिणेतली पाच राज्यं मिळाली कारण गोल्डवॉटर यांनी १९६४ च्या सिव्हिल राइट्स कायद्याविरुद्ध, म्हणजे वंशभेदाला बंदी घालणाऱ्या कायद्याविरुद्ध, मत दिलं होतं. त्यांची कारणं घटनेची होती असं ते म्हणत, पण ज्यांनी त्यांना मतं दिली त्यातल्या बऱ्याच जणांची कारणं घटनेची नव्हती. त्याची किंमत पक्ष अजून देतोय, काळ्या मतदारांच्या दारावर गेलं की मला ती दिसते. आणि रेगन जिंकायला सोळा वर्षं लागली, मध्ये १९७६ ला ते स्वतःच्याच पक्षात तेव्हाचे प्रेसिडेंट फोर्ड यांच्याकडून हरले, पक्षाच्या प्रतिनिधींच्या मतांत १०७० विरुद्ध ११८७. शेवटी ते १९८० ला आले ते महागाई, पेट्रोलच्या रांगा आणि इराणमधले ओलीस यामुळे. विचार तयार होता हे खरं, पण दार परिस्थितीने उघडलं. नुसता विचार बरोबर आहे म्हणून कोणी निवडून येत नाही हो.

आता ज्या पराभवातून मी स्वतः शिकले तो २०१२ चा. आमचे उमेदवार मिट रॉम्नी ओबामांकडून हरले, २०६ विरुद्ध ३३२. मी त्या वेळी सगळ्यात जास्त राबले होते. आशियाई मतदारांपैकी ७३ टक्के ओबामांकडे गेले असं एक्झिट पोल सांगत होता आणि आमच्या ओळखीतल्या घरांत तर त्याहूनही जास्त असावेत, मराठी मंडळाच्या गणपतीत मी रिपब्लिकन आहे म्हटलं की लोक आधी दचकायचे आणि मग प्रेमाने समजावायला बसायचे. १८ मार्च २०१३ ला पार्टीने रिपोर्ट काढला, शंभरेक पानांचा, सगळे त्याला "ऑटॉप्सी", म्हणजे शवविच्छेदन, म्हणतात. चेअरमन रीन्स प्रीबस. त्यात लिहिलं होतं की आपण म्हाताऱ्यांचा पक्ष दिसतो, लॅटिनो, आशियाई, बायका, तरुण यांच्याकडे जायला हवं, आणि धोरणाबद्दल एकच ठोस गोष्ट म्हटली होती, की इमिग्रेशनचा सर्वंकष कायदा करा.

मी तो रिपोर्ट प्रिंट काढून, पिवळ्या पेनने रेघा मारून वाचला. मला रडू आलं होतं वाचताना, खरं सांगते, कारण पहिल्यांदा वाटलं की पक्षाला मी दिसले. त्या दिवाळीत आमच्या भागातल्या मंदिरात परवानगी घेऊन मी टेबल लावलं, करंज्या ठेवल्या, मतदार नोंदणीचे फॉर्म ठेवले. बऱ्याच जणांनी करंजी घेतली, काहींनी फॉर्म घेतला, दोघांनी कमिटीसाठी नाव दिलं.

आणि मग १० जून २०१४. आमचा काँग्रेसमन एरिक कँटर होता, हाऊसमधला मेजॉरिटी लीडर, म्हणजे रिपब्लिकन पक्षातला दोन नंबरचा माणूस, पुढचा स्पीकर होणार असं सगळे धरूनच चाललेले. समोर डेव्ह ब्रॅट, ॲशलंडच्या छोट्या कॉलेजातला अर्थशास्त्राचा प्राध्यापक. कँटरकडे पन्नास लाख डॉलरच्या वर खर्चायला, याच्याकडे दोनेक लाख. कँटरच्या स्वतःच्या पोलमध्ये तो ३४ टक्क्यांनी पुढे. ब्रॅटचा मुद्दा मुख्य एकच, की हे वरचे लोक इमिग्रेशनवर तडजोड करून तुमचा पगार खाणार आहेत. लॉरा इंग्रॅम ही रेडिओवाली त्याच्या सभेसाठी आमच्या भागात येऊन गेली. आणि कँटरच्या लोकांनी त्याच्यावर टीकेच्या इतक्या जाहिराती केल्या की ज्यांना ब्रॅट माहीतच नव्हता त्यांनाही तो माहीत झाला.

मी कँटरसाठी उभी होते. केंद्राच्या दारापासून चाळीस फूट लांब राहायचा नियम आहे, तिथे खडूने रेघ मारलेली असते, त्या रेघेच्या अलीकडे मी आणि पाण्याच्या बाटल्यांचा कूलर. सकाळी सहाला दार उघडलं तेव्हाच रांग होती, जूनच्या प्रायमरीला रांग कधी नसते. माझ्या क्लिपबोर्डवर नेहमी येणाऱ्यांची यादी होती आणि रांगेतले निम्मे लोक त्या यादीत नव्हते. सातच्या सुमाराला एक माणूस आला, कामाचे बूट, शर्टावर रंगाचे डाग, माझ्याकडून पत्रक घेतलं नाही पण थांबला आणि फार सौजन्याने म्हणाला, मॅडम, तुमच्याशी माझं काही भांडण नाही, फक्त मला एवढं सांगा की ते आमच्या रस्त्यावर शेवटचे कधी आले होते. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला तिथेच कळलं.

ब्रॅट ३६,१०५, कँटर २८,९१२. एकूण पासष्ट हजार मतं. याच मतदारसंघात दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात एकट्या कँटरला दोन लाख बावीस हजारांवर मतं पडली होती. म्हणजे बघा, ज्या माणसाला सव्वादोन लाखांच्या घरात लोक निवडून देतात त्याला छत्तीस हजार लोक घरी बसवू शकतात, आणि वॉशिंग्टनमध्ये त्याचा अर्थ एका रात्रीत पोचला. सिनेटने आदल्या वर्षी ६८ विरुद्ध ३२ ने मंजूर केलेलं इमिग्रेशन बिल हाऊसमध्ये तसंच पडून होतं, ते त्या रात्री मेलं. शंभर पानांच्या रिपोर्टवर पाणी पडलं. रिपोर्ट लिहिणारे मूर्ख नव्हते, त्यांनी नोव्हेंबरचा हिशोब बरोबर केला होता, पण तो रिपोर्ट अंमलात आणायचा तर आधी जूनमधून जावं लागतं आणि जूनचा विचार त्यात नव्हताच.

त्याच वेळी शॉन ट्रेंड नावाचा एक विश्लेषक वेगळं सांगत होता, की रॉम्नींना हरवलं ते नुसत्या नव्या मतदारांनी नाही, गावाकडचा, छोट्या शहरातला, कामगार वर्गातला गोरा मतदार २०१२ ला घरी बसला. मी तेव्हा ते मनावर घेतलं नाही. २०१६ ला ट्रंप नेमके त्याच माणसाकडे गेले आणि पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन घेऊन आले. आणि त्याहून मोठी गोष्ट २०२४ ला झाली, लॅटिनो मतदारांमध्ये रॉम्नींना २७ टक्के मिळाले होते तिथे ट्रंपना एक्झिट पोलप्रमाणे ४६. म्हणजे रिपोर्टला हवे होते ते मतदार आले, फक्त रिपोर्टने सांगितलेल्या रस्त्याने नाही आले. किराणा, पेट्रोल, घरभाडं, सीमेवरचा गोंधळ, यासाठी आले. आपण त्यांना लॅटिनो म्हणून बघत होतो, ते स्वतःला घर चालवणारी माणसं म्हणून बघत होते. मंदिरातल्या माझ्या टेबलाचं हेच चुकलं होतं. मी करंज्या ठेवल्या, त्यांना प्रॉपर्टी टॅक्सबद्दल बोलायचं होतं.

पण थांबा, आमच्या मतदारसंघाची गोष्ट इथे संपत नाही. ब्रॅट निवडून आला, दोनदा, आणि २०१७ पासून माझ्या शेजारच्या बायका बदलायला लागल्या. शॉर्ट पंप भागात आमच्या गल्लीत ज्या बायकांनी मॅकेनना, रॉम्नींना मतं दिली होती, मुलांच्या सॉकरला माझ्याबरोबर बसायच्या, त्या आरोग्य विम्यावरून, ट्रंप यांच्या बोलण्यावरून तुटत गेल्या. त्यांनी ब्रॅटच्या सभांना जाऊन प्रश्न विचारले आणि ब्रॅट जाहीर सभेत म्हणाला की मी जाईन तिथे या बायका माझ्या अंगावर येतात. ते वाक्य मी दारोदार ऐकलं, दीड वर्ष. २०१८ ला ॲबिगेल स्पॅनबर्गर, सीआयएत काम केलेली, हेन्रिकोतच शिकलेली, सात हजारांच्या आतल्या फरकाने जिंकली. मतदारसंघाच्या हद्दी मधल्या काळात थोड्या बदलल्या होत्या, पण जागा तीच. आणि नोव्हेंबर २०२५ ला तीच बाई पंधरा टक्क्यांच्या आसपास फरकाने व्हर्जिनियाची गव्हर्नर म्हणून निवडून आली, बरोबर लेफ्टनंट गव्हर्नर गझाला हाश्मी, हैदराबादला जन्मलेली. २०१४ च्या जूनमधल्या त्या रांगेतून निघालेला धागा इथपर्यंत येतो. त्या रांगेतला माणूस चुकीचा नव्हता, त्याचं गाऱ्हाणं खरं होतं. पण त्याचं ऐकणं आणि माझ्या शेजारणीला दुखावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आमच्या पक्षाने त्या एकच करून टाकल्या, याचं मला अजून वाईट वाटतं.

२०२० बद्दल मला वेगळं बोलायचंय कारण तो पराभव बाकीच्यांसारखा नव्हता. बायडन ३०६, ट्रंप २३२. पण ट्रंपना ७ कोटी ४२ लाख मतं, आणि हाऊसमध्ये तर रिपब्लिकनांच्या जागा वाढल्या. म्हणजे बऱ्याच लोकांनी वर एकाला आणि खाली दुसऱ्याला मत दिलं. सरळ बसून विचार केला असता तर उत्तर समोर होतं, की लोकांना धोरण चालतंय, माणूस नको झालाय. पण तो विचार झालाच नाही, कारण हरलो हेच मान्य केलं नाही. साठच्या वर केसेस कोर्टात टिकल्या नाहीत, आमच्याच पक्षाने नेमलेल्या न्यायाधीशांनीसुद्धा त्या फेटाळल्या, तरी नाही. आणि त्याची शिक्षा लगेच झाली, ५ जानेवारी २०२१ ला जॉर्जियात सिनेटच्या दोन जागांचं मतदान होतं, आमच्याच लोकांना महिनाभर सांगितलं गेलं होतं की मतदान खोटं असतं, त्यातले काही घरी बसले, दोन्ही जागा गेल्या, सिनेट गेलं. दुसऱ्या दिवशी कॅपिटलवर, म्हणजे संसदेच्या इमारतीवर, ट्रंपसमर्थक जमाव घुसून जे झालं ते मी इथे दोन तासांच्या अंतरावर बसून टीव्हीवर बघितलं. मी या देशाची शपथ घेतलीय, हात वर करून, कोर्टाच्या खोलीत, साडी नेसून गेले होते. ज्या पक्षासाठी मी एवढी वर्षं चपला झिजवल्या त्याचे झेंडे त्या गर्दीत बघून मला दोन महिने याद्यांना हात लावावासा वाटला नाही.

हार मान्य केली नाही की हिशोब होत नाही आणि हिशोब झाला नाही की तेच उमेदवार परत येतात. २०२२ ला लाट येणार म्हणत होते, हाऊसमध्ये कशाबशा २२२ जागा झाल्या. जॉर्जियातच बघा, ब्रायन केम्प, ज्यांनी २०२० चा निकाल बदलायला नकार दिला, ते गव्हर्नर म्हणून सात टक्क्यांच्या वर जिंकले आणि त्याच पक्षाचा सिनेटचा उमेदवार त्याच मतदारांसमोर हरला.

आणि व्हर्जिनियात आम्ही २०२१ ला काय केलं तेही सांगते, कारण ते आम्ही चांगलं केलं. २००९ नंतर राज्यभराची एकही निवडणूक आम्ही जिंकलो नव्हतो, बारा वर्षं. तर प्रायमरी न घेता पक्षाच्या प्रतिनिधींचं अधिवेशन घेतलं, कोविडमुळे एका हॉलमध्ये नाही तर राज्यात जवळपास चाळीस ठिकाणी, गाडीत बसून मतपत्रिका टाकायची, आणि मत पसंतीक्रमाने, आपल्याकडे विधान परिषदेला असतं ना तसं. हाताने मोजणी, सहा फेऱ्या. याचा फायदा असा की सगळ्यात जास्त आरडाओरडा करणारा जिंकत नाही, ज्याला बाकीच्यांची दुसरी-तिसरी पसंती मिळते तो जिंकतो. ग्लेन यंगकिन निघाले. त्यांनी ट्रंपना दुखावलं नाही आणि डोक्यावरही घेतलं नाही, शाळांवर बोलत राहिले, कारण कोविडमध्ये इथल्या शाळा महिनोन्‌महिने बंद होत्या आणि माझ्या त्याच शेजारणी त्यावर पेटलेल्या होत्या. दोन टक्क्यांनी जिंकलो. तेव्हा मला खरंच वाटलं की रस्ता सापडला. चार वर्षांत तो हातचा गेला. २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये सरकारी नोकऱ्या कापल्या गेल्या, त्यात ऑक्टोबरपासून ४३ दिवस सरकार बंद, आणि आमच्या राज्यात दर गल्लीत सरकारी पगारावरची घरं. उमेदवार कोणीही असता तरी हरलाच असता असं माझं मत आहे, पण पंधरा टक्क्यांनी नसता हरला.

आता पुढच्या पराभवानंतर काय. तो कधी येईल हे सांगता येत नाही पण येईलच, आणि ट्रंप घटनेप्रमाणे परत उभे राहू शकत नाहीत त्यामुळे तो आला की पहिल्यांदा खरं भांडण होईल. रेगनच्या वेळी म्हणायचे की आपलं स्टूल तीन पायांचं आहे, कमी टॅक्स आणि छोटं सरकार, मजबूत सैन्य, आणि धर्म-कुटुंब. आता पहिल्या पायाबद्दलच एकमत नाही. पक्षातली तरुण पोरं, जी ऑफिसांमधून काम करतात, त्यांना टॅरिफ, म्हणजे आयातीवरचे कर, हवेत, कारखाने हवेत, सरकारने कंपन्यांना धाकात ठेवलेलं हवंय. पैसा देणारे जुने लोक अजून कमी टॅक्सवाले. आणि मतदार, माझ्या क्लिपबोर्डवरचे, त्यांना सोशल सिक्युरिटीला, म्हणजे सरकारी पेन्शनला, हात लावायचा नाही, टॅक्स वाढवायचा नाही आणि किराणा स्वस्त हवाय. मी स्वतः जुन्या घरातली. सांगलीत वडिलांनी स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघितली, फोनसाठी बघितली, सरकार सगळं ठरवतं तेव्हा घरात काय होतं ते मी पाहिलंय, त्यामुळे सरकार आपल्या बाजूचं आहे म्हणून मोठं चालेल हे मला पटत नाही, कधीच पटणार नाही. पण मी वयाने पन्नाशी ओलांडलेली आणि समोरचे पंचविशीचे, हेही मला दिसतं.

आणि एक गोष्ट जी आपल्या लोकांना थेट लागते. डिसेंबर २०२४ मध्ये एच-वन-बी वरून पक्षातच जे भांडण झालं, त्यात भारतीयांबद्दल जे लिहिलं गेलं ते मी वाचलंय. सप्टेंबर २०२५ ला नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलर फी लागली. धोरणावर मतभेद असू शकतात, मी स्वतः म्हणते की त्या व्हिसाचा गैरवापर होतो. पण माणसाच्या वंशावरून त्याला पक्षाबाहेर ठरवणारे लोक आता चोरून बोलत नाहीत. साठच्या दशकात विल्यम बकली यांनी त्यांच्या नॅशनल रिव्ह्यूमधून जॉन बर्च सोसायटीवाल्यांना, जे आयझेनहॉवरना कम्युनिस्टांचा हस्तक म्हणत होते, त्यांना उघड बाजूला केलं, वर्गणीदार गेले तरी केलं. ते केलं नसतं तर रेगनना दार उघडलं नसतं असं मला वाटतं. आज ते काम कोण करणार, कारण आज एका मासिकाच्या संपादकाकडे दाराची कडी राहिलेली नाही. मग ते खालीच करावं लागणार, काउंटी कमिटीत, समोरासमोर.

म्हणून तुम्हाला पुढच्या वेळी अंदाज घ्यायचा असेल तर निकालानंतरचे लेख वाचू नका. पहिल्या दोन वर्षांत तीन गोष्टी बघा. राज्यांच्या छोट्या निवडणुकांना पैसा आणि माणसं कोण लावतंय. उमेदवार प्रायमरीने निवडताहेत की अधिवेशनाने, आणि मत एकच आहे की पसंतीक्रमाचं. आणि हरलेल्यांची यादी कोणाच्या कॉम्प्युटरवर आहे. आयडियांचं काय, असं कोणी विचारेल तर आयडिया लागतातच, फेडरलिस्ट सोसायटी ही कॉन्झर्व्हेटिव्ह वकिलांची संघटना १९८२ ला लॉच्या विद्यार्थ्यांनी काढली आणि चाळीस वर्षांत सुप्रीम कोर्ट बदललं, पण तेही शेवटी मीटिंगा घेऊनच बदललं.

नोव्हेंबर २०२५ च्या निकालानंतर आमची जी पहिली मीटिंग झाली तिला तीसेक लोक होते, त्यात तीन नवीन. मुलांना घरीच शिकवणारी एक आई, लॅपटॉपवर गृहपाठ करत बसलेल्या पोराला बरोबर घेऊन आलेली. एक गुजराती गृहस्थ, किराण्याचं दुकान असलेले, टॅरिफमुळे मसाल्यांचे भाव वाढले म्हणून वैतागलेले. आणि एक मुलगा, चोवीस-पंचवीसचा, गोदामात सुपरवायझर. तो शेवटी थांबला, माझ्याबरोबर खुर्च्या उचलल्या, आणि बोलता बोलता त्याने टॅरिफबद्दल, परदेशी कामगारांबद्दल जे सांगितलं त्यातलं निम्मं मला पटलं नाही, मी तसं त्याला तोंडावर सांगितलं, एच-वन-बी वरच माझा नवरा इथे आला हेही सांगितलं. तो लाजला, पण उठून गेला नाही. मग म्हणाला, प्रिसिंक्ट कॅप्टन नसलेली प्रिसिंक्ट्स किती आहेत? मी म्हटलं बरीच. तो म्हणाला यादी मिळेल का. मी त्याला दोन प्रिसिंक्टच्या याद्या दिल्या, एक त्याच्या राहत्या भागाची आणि एक आमच्या मंदिराच्या भागाची, आणि सांगितलं की दुसऱ्या यादीतल्या घरी पहिल्यांदा जाशील तेव्हा मी बरोबर येते. शनिवारी दहाला निघायचं ठरलंय.